उंबरदऱ्यातली हाक

१

घाटनांदूरच्या पेठेत कल्याणरावांच्या घरी दिवस उजाडायचा तो एकतारीच्या आवाजानं. घरात दोघे भाऊ. धाकट्या बसवराजनं कापडाचं दुकान बघायचं आणि थोरल्यानं पदं रचायची, ही वाटणी कुणी न करताच होऊन गेली होती. पहाटे अंघोळ आणि इष्टलिंगाची पूजा उरकली की कल्याणराव माजघराच्या उंबऱ्याशी बसत आणि जुळत आलेलं पद गुणगुणत. आत शांतादेवी ताक घुसळत असे. पदातला एखादा शब्द नीट बसला नाही की तिची रवी थांबे. ती तोंडानं काही बोलत नसे, तिला अक्षरओळखही नव्हती. पण रवी थांबली की कल्याणराव तो शब्द टाकून देत आणि दुसरा शोधू लागत. दर शिवरात्रीला मठात त्यांचं नवं पद व्हायचं, आणि ते ऐकायला धर्मापुरीहून, परळीकडून माणसं गाड्या जुंपून यायची. त्या पदात शांतादेवीचा वाटा किती, हे दोघांनाच ठाऊक होतं.

मग मानमोडीचं साल आलं. ताप आला म्हणता म्हणता माणसं मान टाकू लागली. एका घरातलं मयत उचलून येईतो दुसऱ्या घरात रडणं उठलेलं असे. लग्नानंतर तेरा वर्षांनी झालेली, नऊ वर्षांची, एकुलती एक नीलम्मा दसऱ्याच्या आदल्या दिवशी गेली. लिंगायतांच्या रीतीनं तिला समाधीच्या खड्ड्यात बसवलं तेव्हा कल्याणरावांनी स्वतः तिची मान सरळ केली. त्यानंतर त्यांनी एकतारी उचलली ती नुसती मांडीवर धरायला.

पहाट झाली की ते उंबऱ्याशी बसत, तोंड उघडत आणि मिटत. आत ताक घुसळणं चालूच राही. शांतादेवीला वाटे, आता थांबावं, थांबवावी ही रवी. पण थांबवायला पद तर हवं. शिवरात्र सुनी गेली. पाडव्याला त्यांनी जुन्या पदांचं बाड चुलीत घातलं, ते तिनं हातानं ओढून काढलं. बोटं भाजली. कल्याणरावांनी ती बोटं बघितली आणि म्हणाले, "कावून काढलंस? त्यात काय हाय आता?"

भादव्यात बसवराजनं त्यांना मोमिनाबादच्या एका म्हाताऱ्या हकिमाकडे नेलं. हकिमानं नाडी धरली, डोळ्यांच्या पापण्या वर करून बघितल्या आणि शांतादेवीकडे वळून म्हणाला, "बाई, यांना दवा न्हाई लागू व्हायची. यांचं दिल सुकलंय. झाडं, पाणी, पाखरं यांच्यात नेऊन बसवा. पेठेत ठेवाल तर हातचे जातील."

जायचं ठरवलं ते शांतादेवीनं. हे तिनं पुढं कधीच कुणाला विसरू दिलं नाही. स्वतःला तर नाहीच.

२

बालाघाटच्या रांगेत, घाटनांदूरहून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, या घराचं सीताफळांचं जुनं बन होतं. तिथल्या दरीला उंबरदरा म्हणत. गाडी माथ्यापर्यंत जाई, खाली पायवाट. उतरणीच्या मध्यावर दगडमातीची, गवतानं शाकारलेली एक खोली होती. फळांच्या दिवसांत राखणीला कुणी राही, एरवी रिकामी. खोलीच्या खाली पन्नासेक पावलांवर डोह होता आणि डोहाच्या पलीकडे सरळ उभा काळा कडा.

बसवराज सामान उतरवून परत गेला. माथ्यावर मेंढरं चारणारा सटवा धनगर रोज सकाळी दूध आणून देईल, अशी बोली झाली होती.

पहिले चार दिवस शांतादेवीला वाटलं, हकीम देवमाणूस होता. पाऊस नुकताच सरला होता. बांधाला तरवड पिवळा झाला होता, तेरड्यानं उतरण रंगली होती. सीताफळांचे डोळे उघडायला लागले होते. सकाळी होले घुमत, दुपारी सातभाईंचा कालवा चाले. पेठेत वर्षभर तिला रडू आलं नव्हतं. घरात रडायला माणसं असतात आणि माणसांपुढं रडलं की ती समजूत घालतात. इथं झिऱ्यावर घागर भरता भरता ती एकाएकी खाली बसली आणि पोटभर रडली. कुणी काही विचारलं नाही. झाडं उभी होती तशी उभी राहिली. उठली तेव्हा अंग हलकं झालं होतं.

कल्याणराव दिवसभर डोहाकाठच्या सपाट खडकावर बसून राहत. पाचव्या दिवशी ते जेवताना आपण होऊन म्हणाले, "शांता, त्या कड्याला आवाज लई छान येतो. खोकलं तरी परत येतं."

वर्षभरात त्यांच्या तोंडून 'छान' हा शब्द तिनं पहिल्यांदा ऐकला. तिनं घाईघाईनं दुसरी भाकरी वाढली. त्यांनी ती खाल्ली.

३

दुसऱ्या दिवशी ती डोहावर धुणं घेऊन गेली, तेव्हा एकतारी वाजत होती. ती हातातलं लुगडं तसंच धरून उभी राहिली. कल्याणराव गात होते. आवाज बसका होता, गंजलेला होता, पण गात होते.

पाखरू गेले, ना ये माघारी,
मी उभा राहिलो दारात.

आणि कड्यावरून, थोडं थांबून, पडसाद आला: "...राहिलो दारी."

कल्याणरावांनी एकतारी थांबवली. शांतादेवीच्याही मनात त्याच वेळी तेच आलं होतं. दारात नव्हे, दारी. माघारी, दारी. घरी असती तर तिची रवी इथंच थांबली असती.

"ऐकलंस?" ते वळून म्हणाले.

"पडसाद शेवटचं अक्षर खातो," ती म्हणाली. "आडात हाक मारली तरी तसंच हुतं."

"तसंच आसंल." पण ते हसत होते. त्यांनी ओळ पुन्हा म्हटली, या वेळी 'दारी' म्हणून. कड्यानं ती जशीच्या तशी परत दिली.

शांतादेवी धुणं आपटायला बसली. तिनं मनाशी हिशेब घातला. 'दारात'मधला शेवटचा 'त' दगडानं गिळला तर उरतो 'दारा'. 'री' कुठून आली? मग तिनं स्वतःलाच दटावलं. वर्षानं माणूस गायला लागलाय आणि हिला अक्षरं मोजायची पडली आहेत. तिनं लुगडं पिळलं आणि त्या दिवशी आनंदानं पुरणाची दिंडं केली.

४

त्यानंतर पदं येऊ लागली. एक नाही, दोन नाही, पंधरा दिवसांत अकरा. कल्याणरावांच्या गालांवर मांस चढलं. ते झोपू लागले, तेही लहान मुलासारखे गाढ. पहाटे उठून डोहावर जात ते दिवस माथ्यावर येईतो तिथंच.

शांतादेवी सुखात होती, आणि त्या सुखात एक कुसळ होतं. पदं आता तिच्यापर्यंत येत ती पुरी होऊनच. तिला काही विचारावं असं त्यांच्यात उरतच नव्हतं. एके सकाळी ती मुद्दाम डोहापर्यंत गेली आणि सीताफळाच्या झाडाआड थांबली. कल्याणराव अर्धी ओळ म्हणत आणि गप्प बसत. मान किंचित तिरपी करत. घरी माजघराकडे कान लावून बसत, अगदी तशी. आणि उरलेली अर्धी ओळ कड्याकडून येई. त्यांच्याच आवाजात, पण न बसलेल्या, मोकळ्या आवाजात. मानमोडीच्या आधीच्या.

ती मागच्या पावलीच परतली. चुलीपुढं बसून तिनं पुष्कळ विचार केला. ते आधीच कधीतरी ती ओळ म्हणाले असतील आणि आपण उशिरा पोचलो असू. दरी खोल आहे, आवाज कुठं कुठं फिरून येत असेल. गवयाला एकटं गाताना ऐकलं की माणसाला काहीबाही वाटतंच.

दुपारी कल्याणराव झोपले असता ती एकटी डोहाकाठी गेली. पाणी हिरवंगार होतं. वारा होता, काठचं गवत हलत होतं, पण पाण्यावर सुरकुती नव्हती. तिनं आजूबाजूला बघितलं, जरा लाज वाटली, आणि मोठ्यानं म्हणाली, "अहोऽ!"

काहीच परत आलं नाही.

तिनं पुन्हा हाक घातली. दोन्ही हात तोंडाशी धरून, छाती फुटेस्तोवर. आवाज पाण्यावरून गेला आणि संपला. कापसाच्या गाठोड्यावर मूठ मारावी तसा. कड्यानं तिचं काहीच घेतलं नाही.

वर माथ्यावर सटवा मेंढरं घेऊन उभा होता. दुसऱ्या दिवशी दूध घेताना तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "सटवा, इतकं पाणी भरलंय खाली. मेंढरं कावून पाजत न्हाईस हितं?"

सटवा खांद्यावरचं घोंगडं सारखं करत राहिला. "पीत न्हाईत, आक्का."

"म्हंजे?"

"काठापत्तर जात्यात आन् हुबी ऱ्हात्यात. मंग मी बी न्हेत न्हाई." तो जायला वळला आणि पुन्हा थांबून म्हणाला, "मालक बरं हायत न्हवं?"

"लई बरं हायत," ती म्हणाली.

५

दसरा जवळ आला. नीलम्माला जाऊन वर्ष होत होतं. शांतादेवीनं ठरवलं होतं की त्या दिवशी दोघांनी डोहाकाठी बसावं, लेकीच्या नावानं चार फुलं पाण्यात सोडावीत, आणि झालंच तर तिच्यावर एखादं पद व्हावं. तिच्यावर पद अजून झालं नव्हतं. कल्याणराव कशाकशावर गायले होते. उंबरावर, होल्यांवर, वाऱ्यावर. लेकीचं नाव तेवढं ओठावर आलं नव्हतं.

तिनं तेरड्याची फुलं तोडली. दोघं खडकावर बसले. फुलं पाण्यात सोडली तर ती तरंगली, पण वाहिली नाहीत. जिथं सोडली तिथंच उभी राहिली.

"एकडाव तिला हाक मारा," ती म्हणाली. "तुमी मठातून आल्यावर मारायचात तशी."

कल्याणराव कड्याकडे वळले. मग त्यांनी हाक मारली. "नीलम्माऽ!"

शांतादेवी पडसादाची वाट बघत राहिली. नीलम्मा, नीलम्मा असं दोनदा तरी उमटेल आणि त्यातच आपण रडून घेऊ, असं तिला वाटत होतं. कडा शांत होता. डोहाचं पाणी शांत होतं.

मग पलीकडून आवाज आला. "ओ."

तो नीलम्माचा आवाज नव्हता. तसा असता तर शांतादेवी कदाचित पाण्यातच धावली असती. तो कल्याणरावांचा आवाज होता. स्वच्छ, मायाळू, जरासा हसरा. हाक मारणाऱ्यानंच हाकेला ओ दिली होती.

ती ताडकन उठली. "चला. उठा हितून. घरी जायचं."

कल्याणरावांनी वर बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. वर्षभर जे तिथं ठाण मांडून बसलं होतं, जे त्यांच्या खाण्यात, झोपेत, बसण्याउठण्यात होतं, ते गेलं होतं, पुसून काढल्यासारखं. हेच तर ती देवाजवळ मागत होती. आणि आता ते बघून ती दोन पावलं मागं सरली.

"मला कसं निवल्यागत झालंय, शांता," ते म्हणाले. "आता काय बी दुखत न्हाई."

आपल्या समजुतीनं, स्वतः रचून बोललेलं ते त्यांचं शेवटचं वाक्य. हे अर्थात तिला नंतर कळलं.

६

दुसऱ्या दिवशी ती न्याहारी घेऊन गेली. कल्याणराव बाजूनं दिसत होते, अगदी जवळून, पंधरा पावलांवरून. गाणं चाललं होतं. ती बघत राहिली आणि काहीतरी डोळ्याला खुपायला लागलं. काय ते कळेना. मग कळलं.

नदीवर परीट कापड आपटतो तेव्हा लांबून आधी आपटणं दिसतं आणि आवाज मागून येतो, हे तिनं लहानपणापासून बघितलेलं होतं. इथं उलटं होतं. शब्द आधी येत होता आणि कल्याणरावांचे ओठ मागून हलत होते. 'शिवा' हा शब्द हवेत विरला, मग त्यांचे ओठ उघडले आणि मिटले.

ती धावत जाऊन त्यांच्यापुढं उभी राहिली. गाणं थांबलं.

"न्याहारी करता का?" तिनं विचारलं.

"करता का," ते म्हणाले.

तिला वाटलं, चेष्टा करतायत. "अहो, भाकर आणली हाय."

"आणली हाय."

"तुमास्नी बरं वाटत न्हाई का?"

"न्हाई का." चेहरा प्रसन्न होता. तिच्याकडे बघत होते ते प्रेमानंच, पण ते प्रेम कुणासाठी आहे हे त्यांना ठाऊक नसावं, असं.

भाकरी पुढं ठेवली की ते खात. हात धरून उठवलं की उठत. ती बोलली तर तिच्या वाक्याचं शेपूट परत येई. नाही बोलली तर काहीच नाही. ती दोन दिवस गप्प राहिली. बोलायची तिला भीती वाटायला लागली. आपणच बोलायचं आणि आपलंच ऐकायचं, यापेक्षा एकटं असणं बरं.

तिसऱ्या सकाळी सटवा दूध घेऊन आला तेव्हा तिनं त्याचा हातच धरला. "भाऊ, मेंढरं कुणावर तरी सोपव आन् घाटनांदूरला जा. आमच्या बसवराजला सांग, उद्याच्या उद्या गाडी घिऊन ये."

सटवानं कल्याणरावांकडे बघितलं. ते झाडाखाली बसले होते. "राम राम, मालक," तो म्हणाला.

"मालक," कल्याणराव म्हणाले.

सटवानं दुधाचं भांडं तिथंच ठेवलं आणि तो निघाला. धावतच निघाला.

७

बसवराज भल्या सकाळी पोचला. गाडी माथ्यावर सोडून खाली आला, भावाला बघून त्याचा चेहरा फुलला. "अण्णा, काय तब्येत सुधरली तुमची!" मग दोनचार वाक्यं बोलल्यावर तो गप्प झाला. त्यानं वहिनीकडे बघितलं. तिनं मान हलवली. दोघांनी मिळून भरभर सामान बांधलं.

कल्याणरावांनी काहीच आढेवेढे घेतले नाहीत. शांतादेवीनं हात धरला, ते चालू लागले. उतरण चढून माथ्यावर आले, गाडीत बसले. बसवराजनं बैल जुंपले. दिवस कासराभर वर आला होता. रोज याच वेळी पद सुरू व्हायचं.

आणि खाली दरीत पद सुरू झालं.

एकतारी गाडीत होती, कापडात गुंडाळलेली. कल्याणराव गाडीत होते, शांतादेवीच्या शेजारी, ओठ मिटून. खाली आवाज चढत होता, खुला, भरलेला, ज्याच्यासाठी धर्मापुरीहून माणसं गाड्या जुंपून येत तो. पद नवं होतं. त्यात नीलम्माचं नाव होतं.

बसवराजचा कासरा हातातच राहिला. "पडसाद हाय, वहिनी," तो म्हणाला.

"पडसाद कशाचा, बसवराज? गातंय कोण?"

त्यानं बैलांच्या पाठीवर थाप मारली. गाडी हलली.

शांतादेवीनं कल्याणरावांचा हात हातात घेतला. तो कोमट होता, ओळखीचा होता, अंगठ्याला एकतारीचा घट्टा होता. मग ती मागं वळली. नवऱ्याचं नाव तिनं लग्नातल्या उखाण्यानंतर कधी तोंडातून काढलं नव्हतं. आता गाडीच्या मागच्या दांडीला धरून ती उभी राहिली आणि दरीकडे तोंड करून ओरडली, "कल्याणराऽव!"

गाणं मध्येच तुटलं.

"ओ!" खालून आवाज आला. त्यात दचकणं होतं, आणि आनंद होता. "शांता? कुठं हायस तू? थांब. थांब, आलो."

डोहाकाठी, त्या सपाट खडकावर, पांढरं काहीतरी उठून उभं राहत होतं. डाव्या गुडघ्यावर हात टेकून, जरा वाकून, मग सरळ होऊन. कल्याणराव गेल्या दहा वर्षांपासून तसेच उठत. एवढंच तिला दिसलं. मग सीताफळांचं बन आड आलं.

शेजारून कल्याणराव म्हणाले, "आलो."

तिनं गाडी थांबव म्हणायला तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं, हे तिनं पुढं स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण खालून येणारं कोण? आणि वर येऊन ते गाडीपाशी उभं राहिलं, तर या दोघांतल्या कुणाला घरी न्यायचं आणि कुणाला सोडायचं? तिच्या हातात एक हात होता, कोमट. तेवढाच धरून ती खाली बसली.

"हाक बैल," ती म्हणाली.

खालून 'थांब' येत राहिलं. पहिल्यांदा मोठ्यानं, मग लांबून, मग वाऱ्याबरोबर तुटक. प्रत्येक वेळी शेजारी कल्याणराव हळूच म्हणत, "थांब." रांग ओलांडली, काळं रान लागलं, ज्वारीची शेतं लागली. तिला खालचं काहीच ऐकू येईनासं झालं. कल्याणराव मात्र म्हणत होते. थांब. थांब. घाटनांदूरची वेस दिसेपर्यंत म्हणत होते.

८

गावानं त्या माणसाला डोक्यावर घेतलं. वर्षभर दुःखानं पोळलेला कल्याणराव रानातून निवून आला, मौन धरलं, चेहऱ्यावर कसं तेज आलंय बघा. मठातले स्वामीही येऊन बघून गेले आणि म्हणाले, "याचं मन शिवाशी लागलं." लोक पाया पडत. पाया पडताना जो जे बोले त्याचा शेवटचा शब्द त्याला परत मिळे, आणि तोच आशीर्वाद समजून माणसं घरी जात.

शांतादेवी त्याला अंघोळ घाली, भरवी. मनातल्या मनात ती त्याला अहोजाहो करीनाशी झाली होती, हे तिचं तिलाच एक दिवस कळलं.

आणि रोज सकाळी, दिवस कासराभर वर आला की, कुणीही काही बोललेलं नसताना तो आपण होऊन बोलू लागे. सुरात नाही, सपाट. बसवराज दौत-लेखणी घेऊन पुढं बसे आणि उतरवून घेई. "अण्णांची पदं परत आली," तो दुकानात येईल त्याला सांगे. दरीचा विषय त्यानं पुन्हा कधी काढला नाही. शिवरात्रीला मठात त्यातलं एक पद झालं:

पान गळाले, पाणी निवाले,
काठाशी कुणी ये ना.
हाक मारुनी गेले माणूस,
परतून हाक दे ना.

माणसं ढसाढसा रडली. जीवानं शिवाची वाट बघण्याचं असं पद मराठवाड्यात झालं नाही, असं धर्मापुरीचे एक शास्त्री म्हणाले. शांतादेवी खांबाला धरून उभी होती. माणूस कोण, हे तिला कळत होतं. ती तशीच बाहेर गेली. त्या रात्री जेवली नाही. सकाळी तिनं बसवराजला एकदाच विचारलं, "गाडी जुंपशील का?"

"कुठं जायला?" त्यानं वर न बघता विचारलं.

तिनं सांगितलं नाही. त्यानंही पुन्हा विचारलं नाही.

फाल्गुन गेला. चैत्रात ऊन तापलं तशी पदं आखूड होत गेली. चार ओळींची दोन झाली. मग एक. मग नुसते शब्द, काही दिवस 'पाणी', काही दिवस 'शांता'. बसवराज कोऱ्या कागदापुढं बसून वाट बघे.

वैशाखात बाजाराच्या दिवशी सटवा घोंगड्या विकायला आला. दुकानाच्या पायरीशी उभा राहून म्हणाला, "आक्का, औंदा उंबरदऱ्याचा डोह आटला. तळ दिसाया लागला."

"तळाला काय हाय?"

सटवानं मान खाली घातली. "मी न्हाई बगितलं."

दुसऱ्या सकाळी दिवस कासराभर वर आला. बसवराज लेखणी बुडवून बसला. तो माणूस भिंतीला टेकून बसला होता, प्रसन्न. ओठ हलले नाहीत. दिवस माथ्यावर आला, कलला. ओठ हलले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी शांतादेवी माजघरातून बाहेर आली. त्या माणसासमोर बसली. तो श्वास घेत होता, थोड्या वेळापूर्वीच तिच्या हातून जेवला होता. तिनं पदराचं टोक ओलं केलं आणि आपल्या कपाळाचं कुंकू पुसलं, नीट, डाग राहू न देता. बसवराज दारातून ओरडला, "वहिनी! नवरा समोर बसलाय, हे काय करताय?"

तो माणूस तिच्याकडे शांतपणे बघत होता. मग त्यानंही हात उचलला, धोतराचा सोगा कपाळाला लावला आणि तिच्याइतक्याच सावकाश, तिच्यासारखंच, कपाळावरचं भस्म पुसून टाकलं.